महाकाय प्राण्यांचे पाच भयपट: घरातल्या कुणासोबत कोणता बघावा?

आमच्याकडे बोरिवलीला भाऊबीजेला चार मुलं जमतात. दोन मला आत्या म्हणणारी, दोन मावशी. वयं ५, ८, ११ आणि १४. बरोबर आई असते, ७२ वर्षांची. जेवणं आटोपली की हॉलमध्ये गाद्या पडतात, कुणीतरी दिवा मालवतं आणि काय बघायचं यावरून वाद सुरू होतो. यंदा थोरल्या भाच्याने पंधरा दिवस आधीच फोन करून सांगितलं, "मावशी, या वेळी प्राण्याचा हॉरर. मोठ्ठा प्राणी. माणसं खाणारा." मागोमाग त्याच्या आईचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, ठाण्याहून फोन. "ताई, तू आधी बघून ठेव गं. मागच्यासारखं नको व्हायला."

मागच्यासारखं म्हणजे काय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे असाच एक महाकाय प्राण्याचा सिनेमा बघायला मल्टिप्लेक्सला गेलो होतो. धाकटा तेव्हा ३ वर्षांचा. पहिल्या डरकाळीला त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं ते वर काढलंच नाही. रडला नाही, हट्ट केला नाही, नुसता मला घट्ट धरून राहिला. मला वाटलं झोपला. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा बघते तर डोळे टक्क उघडे आणि अंग घामाने ओलंचिंब. पुढचे तीन आठवडे त्याने रात्री खोलीतला दिवा बंद करू दिला नाही. गप्प बसलेलं मूल घाबरलेलं नसतं, हा माझा समज त्या दिवशी गेला.

म्हणून यंदा पाच सिनेमे मी एकटीने, दिवसाउजेडी, वही घेऊन बघितले. १९७५चा ‘जॉज’, १९९३चा ‘जुरासिक पार्क’, १९९७चा ‘अ‍ॅनाकोंडा’, २००६चा कोरियन ‘द होस्ट’ आणि २०२३चा जपानी ‘गॉडझिला मायनस वन’. पुढे मी कथानकं आणि शेवट उघड करणार आहे. मुलांना घेऊन बसायचं तर कोण मरतं आणि कोण वाचतं, हे मोठ्यांना आधीच माहीत असायला हवं.

प्रमाणपत्रावर किती विसंबायचं

आपण सगळे आधी प्रमाणपत्र बघतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली. ‘जॉज’ला अमेरिकेत ‘पीजी’ मिळालं होतं, म्हणजे पालकांनी जरा लक्ष ठेवावं, एवढंच. कारण १९७५ साली तिथे ‘पीजी-१३’ हा वर्गच नव्हता, तो १९८४ साली आला. त्यामुळे या पाचांत कागदावर सगळ्यांत सौम्य दिसतो तो ‘जॉज’, आणि प्रत्यक्षात त्यात एक लहान मुलगा शार्कच्या तोंडी जातो. ‘जुरासिक पार्क’, ‘अ‍ॅनाकोंडा’ आणि ‘गॉडझिला मायनस वन’ या तिघांवर ‘पीजी-१३’ हा एकच शिक्का आहे. तिन्ही सलग बघितल्यावर मी खात्रीने सांगते, या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘द होस्ट’ला ‘आर’, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवंच.

आपल्याकडे १९८३पासून ‘यूए’ हा वर्ग आहे. २०२३ साली कायदा बदलला आणि त्यानंतर त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ही सुधारणा मला मनापासून पटते, कारण सात वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एकाच पोत्यात घालणं चूकच होतं. पण एक गोष्ट बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाला थिएटरात कायद्यानेच प्रवेश नाही. ‘यूए’ कुठलाही असो, तो पालकांसाठीचा इशारा आहे, दारावर तुम्हाला कुणी अडवणार नाही. घरी मोबाइलवर किंवा टीव्हीवर जे स्ट्रीमिंग बघतो, तिथला वयाचा शिक्का तर ती कंपनी स्वतःच लावते. २०२१च्या नियमांत तशीच तरतूद आहे. त्याच नियमांनी १३+ आणि त्यावरच्या गोष्टींसाठी कुलूप लावायची सोय देणं मात्र बंधनकारक केलंय. ते कुलूप लावायला दोन मिनिटं लागतात. नसेल लावलं तर आज लावा.

भोपळ्यातली म्हातारी

वहीत मी आधी रकाने आखले होते: रक्त, मृत्यू, दचकवणारे प्रसंग. दुसऱ्या सिनेमाच्या अर्ध्यावरच ते निरुपयोगी वाटायला लागले. मृत्यू तर पाचांतही आहेत. आकडे मोजून कुठला सिनेमा पोटात कालवतो आणि कुठला कवेत घेतो, हे कळेना.

मग मला आठवली ती भोपळ्यातली म्हातारी. तीन वर्षांच्या पोरालाही आपण ती गोष्ट बिनदिक्कत सांगतो. जंगलात वाघ भेटतो, म्हणतो, "म्हातारे, मी तुला खातो." म्हातारी म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." परत येताना ती भोपळ्यात बसते आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. नीट बघितलं तर ती माणूस खाणाऱ्या श्वापदाचीच गोष्ट आहे. तरी मूल पळून जात नाही, "पुन्हा सांग" म्हणतं. म्हातारीने काय योजलंय ते त्याला ठाऊक असतं, आणि ते स्वतः कुणाच्या तरी मांडीवर बसलेलं असतं.

मी सगळे रकाने खोडले आणि एकच प्रश्न लिहिला: संकट आल्यावर या सिनेमातली मोठी माणसं मुलांजवळ थांबतात का?

‘जुरासिक पार्क’ आणि ‘जॉज’

दोन्ही स्टीव्हन स्पिलबर्गचे, मध्ये १८ वर्षांचं अंतर. दोन्हींत प्राणी फार वेळ दिसतच नाही. ‘जुरासिक पार्क’ १२७ मिनिटांचा आहे आणि त्यात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं पडद्यावर आहेत. ‘जॉज’मध्ये जवळपास सव्वा तास शार्क धड दिसत नाही. त्यासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं, पाण्याची हालचाल आणि ते दोन सुरांचं संगीत यांवर भागवावं लागलं. त्यातूनच ती भीती जन्मली. दोन्ही एकाच हाताचे, तरी माझ्या प्रश्नाला दोघांनी दिलेली उत्तरं पूर्ण उलटी आहेत.

‘जुरासिक पार्क’ म्हणजे जिवंत डायनोसॉर ठेवलेली बाग. तिथली ती रात्र आठवा. पाऊस कोसळतोय, वीज गेलीय, कुंपण निकामी झालंय. एका गाडीत दोन मुलं आणि एक वकील. टी-रेक्स, म्हणजे तो अजस्र मांसाहारी डायनोसॉर, कुंपण तोडून येतो आणि वकील मुलांना गाडीत टाकून पळतो. मागच्या गाडीतला डायनोसॉरचा अभ्यासक डॉ. ग्रँट खाली उतरतो आणि मुलांपर्यंत पोचतो. नंतर ती मुलगी हादरून एकच म्हणत राहते की तो आम्हाला टाकून गेला. ग्रँट तिला सांगतो, मी तसं करणार नाही. आणि हा ग्रँट सुरुवातीला मुलांना कंटाळणारा माणूस आहे! पुढे तिघं झाडावर चढून रात्र काढतात. आपण झोपल्यावर डायनोसॉर आला तर, असं मुलं विचारतात आणि तो म्हणतो, मी जागा राहीन. रात्रभर? रात्रभर. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या कुठल्याही आईबापाला हा संवाद ओळखीचा वाटेल. सकाळी पानं खाणारा लांब मानेचा डायनोसॉर येतो, त्याला मुलं हात लावतात आणि तो मुलीच्या अंगावर शिंकतो. ८ वर्षांचं मूल इथे खदखदून हसणार.

वकील मरतो, तेही संडासात बसलेला असताना, आणि बघणारी मुलं त्याला हसतात. मला ते हसणं खटकत नाही. टाकून जाणाऱ्याचं काय होतं, हे मुलांच्या न्यायबुद्धीला तिथे लगेच पटतं.

सौम्य मात्र हा सिनेमा नाही. सुरुवातीलाच पिंजऱ्यातला प्राणी एका कामगाराला आत ओढतो. गाडीत अडकलेल्या जाड्या माणसावर एक डायनोसॉर विषारी थुंकी टाकतो. विजेच्या खोलीत एक तुटलेला हात अचानक खांद्यावर येतो. इथे मी स्वतः ओरडले. कुंपणावर चढलेल्या लहान मुलाला विजेचा झटका बसतो, श्वास थांबतो आणि ग्रँट छाती दाबून त्याला परत आणतो. पण सगळ्यांत जड जाईल ते स्वयंपाकघर. दोन मुलं, दोन रॅप्टर, म्हणजे चपळ शिकारी डायनोसॉर, आणि मोठं माणूस एकही नाही. माझा सल्ला असा की स्वयंपाकघर येण्याआधी सिनेमा थांबवा, पाणी प्या आणि ८ वर्षांच्या मुलाला सांगून टाका की दोघंही वाचतात, स्वतःच्या अकलेने वाचतात. त्याने मजा जात नाही. भोपळ्याची गोष्ट शंभराव्यांदा ऐकताना कुठे जाते?

शेवटी हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही मुलं ग्रँटच्या दोन खांद्यांवर डोकं टेकून झोपलेली. माझ्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर देणारं दुसरं चित्र या पाच सिनेमांत नाही.

आता ‘जॉज’. तिथे मोठी माणसं थांबत नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोलीसप्रमुख ब्रॉडी चांगला बाप आहे. जेवणाच्या टेबलावर तो डोकं धरून बसलेला असताना त्याचा छोटा मुलगा हुबेहूब त्याची नक्कल करत राहतो आणि बाप त्याच्याकडे एक पापी मागतो, ते दृश्य मी तीनदा मागे नेऊन बघितलं. पण गावाचा मोठेपणा तिथे कमी पडतो. हंगामाचं उत्पन्न बुडेल म्हणून महापौर किनारा बंद करू देत नाही. भर दुपारी, वाळूत शेकड्यांनी मोठी माणसं बसलेली असताना, हवेच्या गादीवर खेळणारा मुलगा जातो. सगळी मुलं पाण्याबाहेर येतात आणि एक आई काठावर आपल्या पोराला हाका मारत उभी राहते. पुढे तीच आई ब्रॉडीच्या थोबाडीत मारते आणि त्याला ते पटतं. सिनेमा म्हणून हे फार थोर आहे. माझ्या मते पाचांत सर्वांत चांगला सिनेमा ‘जॉज’च. पण ८ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळेल की आई जवळच बसली होती, तरी काही उपयोग झाला नाही.

शिवाय बुडालेल्या होडीच्या भगदाडातून बाहेर येणारं मुंडकं आहे, आणि शेवटी शार्क एका माणसाला पायांपासून वर गिळतो ते लपवाछपवी न करता दाखवलंय, रक्तासकट. पहिल्याच प्रसंगात एक तरुणी रात्री कपडे काढून समुद्रात पोहायला जाते. सगळं अंधारात, आकृतीसारखं आहे, पण आजी शेजारी बसलेली असताना घरात जी शांतता पसरते ती ज्याची त्याने ओळखावी.

मुंबईकराने ‘जॉज’ लावण्याआधी आणखी एक विचार करावा. आपली मुलं समुद्राजवळ राहतात. माझी ११ वर्षांची भाची गेल्या मे महिन्यात तारकर्लीला पाण्याखालचे मासे बघून आली आणि यंदा पुन्हा जायचं म्हणून दिवस मोजतेय. तिच्या मनातलं ते पाणी मला गढूळ करायचं नाही. तिने शार्क पाहिलाय तो बाजारात, कोळणीच्या पाटीत, मुशी म्हणून. आई मालवणी पद्धतीने मोरीचं, म्हणजे या मुशीचंच, मटण करते ते ती आवडीने खाते. जगभरात शार्कने माणसाला आपणहून चावल्याच्या घटना वर्षाला साधारण ६० ते ७० नोंदल्या जातात आणि त्यातल्या थोड्याच जीवघेण्या असतात; माणूस मात्र दर वर्षी कोट्यवधी शार्क मारतो. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा आला तिचे लेखक पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी काम करू लागले. हे सगळं १४ वर्षांच्या मुलाशी बोलता येतं, सिनेमा झाल्यावर, निवांत. म्हणून ‘जॉज’ १३-१४च्या पुढच्यांसाठी, आणि पोहायच्या सहलीच्या आधी तर नकोच.

५ वर्षांच्या आणि ११ वर्षांच्या मुलाची भीती वेगळी असते

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअ‍ॅन कॅन्टर यांनी मुलांची पडद्यावरची भीती हा विषय वर्षानुवर्षं अभ्यासला. त्यांच्या कामातून मला उपयोगी पडलेली गोष्ट ही: शाळेत न गेलेल्या वयाची मुलं दिसण्याला घाबरतात. दात, डोळे, अंगाचा अवाढव्य आकार, अचानक बदलणारं रूप. तो प्राणी खरा नाही, हे सांगून त्यांना काही फरक पडत नाही. त्यांना कुशीत घ्यावं लागतं, हातात काहीतरी खायला द्यावं लागतं, पांघरूण द्यावं लागतं. मुलं मोठी होतात तशी दिसण्याची भीती ओसरते आणि ‘हे आपल्या बाबतीत होऊ शकेल का’ ही भीती वाढते. त्यांना बोलून, समजावून दिलासा मिळतो.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की डायनोसॉर ८ वर्षांच्या मुलाला का झेपतो. तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला, हे पोराला पुस्तकातून पाठ असतं. शार्क समुद्रात आहे. साप झाडीत आहे. आणि आमच्या बोरिवलीच्या मुलांसाठी तर झाडी म्हणजे थेट राष्ट्रीय उद्यान, जिथे खरे बिबटे आहेत आणि कधीमधी वस्तीच्या कडेला दिसतातही. आमच्याकडचं मूल "तो आपल्याकडे येईल का?" असं विचारतं तेव्हा ती नुसती कल्पना नसते. ‘नाही’ एवढं सांगून भागत नाही. रात्री एकट्याने कडेकडेने फिरायचं नाही, कचरा उघडा टाकायचा नाही, हे शिकवावं लागतं आणि त्याच वेळी बिबट्याचा द्वेषही शिकवायचा नसतो.

‘अ‍ॅनाकोंडा’

म्हणूनच याला मी फार जागा देणार नाही. ८९ मिनिटांचा, म्हणजे पाचांत सर्वांत छोटा. हिंदी डबमुळे आपल्याकडच्या कित्येक घरांत माहितीचा, आणि बहुतेक काका-मामा "अरे, तो लावा की" म्हणून हाच सुचवणार. यात मूल एकही नाही, त्यामुळे माझा प्रश्न लागूच होत नाही. माणसं एकामागून एक गिळली जातात आणि त्यांच्याबद्दल सिनेमाला काही वाटत नाही. सापाच्या पोटातून आत गेलेल्याचा चेहरा कातडीवर उमटलेला दिसतो. गिळलेला माणूस अर्धवट ओकला जातो आणि तो डोळा मारतो. लगट, अंगचटीला येणं आहे, ते वेगळंच.

माझा मुख्य आक्षेप सापाबद्दलचा आहे. खाण्याच्या आनंदासाठी पुन्हा पुन्हा ओकून पुन्हा शिकार करणारा साप निसर्गात नाही. साप भक्ष्य ओकतो ते बहुतेक त्याला त्रास झाला किंवा धोका वाटला तर. आमच्या भागात पावसाळ्यात सोसायटीच्या गटारात अजगर निघतो. वॉचमनने काठी उचलण्याआधी सर्पमित्राला फोन करणारी मुलं मला हवी आहेत. हा सिनेमा त्यांना उलट बाजूला ढकलतो. घरी सगळ्यांनी मिळून बघायला, माझ्या लेखी, बाद.

‘द होस्ट’ आणि ‘गॉडझिला मायनस वन’

हे दोन शेजारी ठेवून बघावेत असे आहेत. दोन्ही कुटुंबाचे सिनेमे आहेत, प्राणी निमित्ताला.

‘द होस्ट’ बोंग जून-हो यांचा. सोलमध्ये हान नदीच्या काठी एक टपरीवजा दुकान, ते चालवणारे आजोबा, त्यांचा आळशी, साधा मुलगा आणि त्याची शाळकरी पोर ह्यन-सो. शिवाय पदवी घेऊन बेकार बसलेला काका आणि तिरंदाज आत्या. नदीतून तो ओंगळ जीव बाहेर येतो तो भर उन्हात, सुरुवातीच्या काही मिनिटांतच. पळापळीत बाप मुलीचा हात धरून धावतो, थोड्या वेळाने वळून बघतो तर हात दुसऱ्याच मुलीचा. गणपती विसर्जनाच्या गर्दीत मुलाचा हात धरून चाललेल्या प्रत्येकाच्या काळजात इथे धस्स होईल.

ह्यन-सोला तो जीव उचलून नेतो, आणि पुढे हे अख्खं घर पोरीला शोधत फिरतं. सरकार खोटं बोलतं, डॉक्टर ऐकत नाहीत, तरी ही माणसं थांबत नाहीत. थकून टपरीत निमूट जेवायला बसतात तेव्हा मधूनच ती हरवलेली पोरगी त्यांच्यात बसलेली दिसते आणि जो तो काही न बोलता तिला घास भरवतो. मी इथे सिनेमा थांबवून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

आणि एवढं करून ती वाचत नाही. गटारात तिने ज्या अनाथ छोट्या मुलाला जपलं, तो वाचतो. शेवटच्या दृश्यात बाहेर बर्फ पडतोय, बाप त्या पोराला उठवतो आणि दोघं गरम भात खायला बसतात. मोठ्या माणसासाठी हा शेवट फार मोठा आहे. ११ वर्षांच्या मुलीला मात्र मी तो दाखवणार नाही. सगळं घर जीव तोडून धावलं तरी पोर गेली, हे सत्य पेलायला अजून थोडी वर्षं जाऊ देत. १४ वर्षांच्या भाच्याबरोबर, मध्ये कुणी लहान नसताना, जरूर. सिनेमाची सुरुवात एका खऱ्या प्रकरणावरून घेतलीय: २००० साली सोलमधल्या अमेरिकी लष्करी तळावरून फॉर्मल्डिहाइड मोरीत ओतलं गेलं आणि ते नदीकडे गेलं. मिठीच्या काळ्या पाण्यावरून लोकलने जाणाऱ्या मुंबईच्या मुलाला यात फार समजावून सांगावं लागणार नाही.

‘गॉडझिला मायनस वन’चं उत्तर याहून दिलासा देणारं आहे. दुसरं महायुद्ध संपतंय. आत्मघाती हल्ल्यावर पाठवलेला शिकिशिमा हा वैमानिक मरायला नकार देऊन परत येतो आणि त्या अपराधाखाली दबून जातो. जळून खाक झालेल्या टोकियोत त्याच्या दारात नोरिको नावाची तरुणी येते, तिच्या कडेवर अकिको नावाचं तान्हं बाळ, तेही तिचं नाही, कुणीतरी मरताना सोपवलेलं. तिघांत रक्ताचं नातं एकही नाही. शेजारीण आधी फटकारते आणि मग स्वतःचे तांदूळ आणून देते. आपल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही ही शेजारीण लगेच ओळखू येईल.

गॉडझिला इथे खरोखर भयंकर आहे. गिन्झाचा हल्ला आणि त्यानंतरचा काळा पाऊस बघताना हिरोशिमा आठवल्यावाचून राहत नाही. त्याला कारणही आहे: मूळ गॉडझिला १९५४ साली जन्मला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. नव्या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी २०२४ साली ऑस्कर मिळालं. माणसं चिरडली, भिरकावली जातात, पण रक्ताचा चिखल नाही. जपावं लागेल ते दुसऱ्याच गोष्टीला. नायक स्वतःचा जीव द्यायला निघालेला असतो, चिमुकल्या अकिकोला शेजारणीकडे ठेवून. ती रडते ते खोटं वाटत नाही. शेवटी तो वाचतो, नोरिकोही वाचते, आणि जगणं हाच पराक्रम आहे असं सिनेमा ठामपणे सांगतो. म्हणून ११ वर्षांच्या मुलीला मी हा दाखवेन, पण आत्महत्येबद्दल विचारलं तर बोलायची तयारी ठेवून. मूळ जपानी ऐकत खालची अक्षरं वाचायची तर ८ वर्षांचं मूल मागे पडतं आणि कंटाळतं. कंटाळलेलं मूल फक्त गॉडझिला बघतं, माणसं बघत नाही, आणि मग उरते नुसती भीती.

थिएटर की घर

असे जुने सिनेमे पुन्हा लागतात, नवे येतच असतात, म्हणून हेही सांगते. थिएटरातली भीती निम्मी आवाजाची असते. खुर्चीतून पाठीत शिरणारा तो खर्ज लहान मुलाला प्राण्यापेक्षा जास्त हलवतो. घरी आवाज कमी करता येतो, थांबवता येतं, दिवा लावता येतो. थिएटरात जायचंच असेल तर कडेची खुर्ची घ्या आणि आपल्याकडचं मध्यंतर ही एक सोय आहे, तिचा उपयोग करा. दिवे लागले की मुलाचा चेहरा बघा, हात धरून बघा. हात गार आणि ओला असेल तर पॉपकॉर्न घेऊन सरळ घरी या. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

८ ते ११च्या मुलांसाठी मला लागू पडलेली आणखी एक युक्ती म्हणजे सिनेमा कसा बनवला ते सांगणं. ‘जुरासिक पार्क’मध्ये टी-रेक्स येताना पेल्यातल्या पाण्यात उठणारी ती वर्तुळं गिटारची तार छेडून आणली होती. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि सुसरीच्या जातीतली मगर यांचे आवाज मिसळलेत. पावसाच्या दृश्यात तो अजस्र यांत्रिक टी-रेक्स भिजून जड झाला, थरथरायला लागला आणि माणसांना तो पुसून कोरडा करावा लागला. टी-रेक्सचं अंग टॉवेलने पुसणारी माणसं, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की ८ वर्षांच्या पोराला रात्री झोप लागते. ५ वर्षांच्याला याचा काही उपयोग नाही, त्याला कूसच हवी.

मग आमचं काय ठरलं

भाऊबीजेला ‘जुरासिक पार्क’, हिंदीत, म्हणजे ८ वर्षांच्यालाही सगळं कळेल. रात्री नाही, दुपारी ४ वाजता, उजेडात. मध्ये दोनदा थांबायचं: एकदा टी-रेक्स येऊन गेल्यावर आणि एकदा स्वयंपाकघराच्या आधी. फराळाचं ताट मध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘गॉडझिला मायनस वन’, ११ आणि १४ वर्षांच्यांसाठी, त्यांच्या आयांसह. ‘जॉज’ आणि ‘द होस्ट’ थोरल्या भाच्यासाठी राखून ठेवलेत. नाताळच्या सुट्टीत तो एकटा येईल तेव्हा आम्ही दोघं बघू. बहिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं ते धाकट्याचं.

धाकटा यातलं काहीच बघणार नाही. त्याला एकटं पाडल्यासारखं वाटू नये म्हणून मी आईला विचारलं, तू काय करशील. तीही म्हणाली, "मला नको गं ती माणसं खाल्लेली बघायला. आम्ही दोघं आतल्या खोलीत बसतो." चकलीचा डबा ती आधीच आत घेऊन ठेवणार आहे, आणि भोपळ्याची गोष्ट तिला दर वेळी वाघाचा आवाज काढून सांगावी लागते.